शोषखड्ड्यांची गणती आणि लोकशाहीचे माप

परराष्ट्रांना विकासासाठी साह्य देणारी ‘यूएसएड’ ही अमेरिकेची सरकारी संस्था १ जुलै २०२५ रोजी स्वतंत्र संस्था म्हणून संपुष्टात आली. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकीर्दीत स्थापन झालेल्या या संस्थेने आरोग्य आणि शेती यांच्या जोडीने निवडणुका, न्यायव्यवस्था, स्थानिक स्वराज्य आणि सुशासन यांसाठीही अनेक देशांत पैसा खर्च केला. ती बंद होताना मोठा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, एवढ्या खर्चातून काहीच साधले नाही. दुसऱ्याचे म्हणणे, पुष्कळ साधले. हा वाद वाचताना आम्हांस राहून राहून वाटले की, ‘साधले’ म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचे, या मूळ प्रश्नाला मात्र फारसे कोणी हात घालीत नाही. बांधलेला रस्ता फुटांत मोजता येतो. लोकशाही कोणत्या पट्टीने मोजावी?

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. स्वातंत्र्यानंतर अवघ्या पाच वर्षांत तो आपल्यासमोर उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम प्रथम ज्यांच्याकडे आले ते पुण्याचे एक मराठी अर्थशास्त्रज्ञ होते. ती हकीकत आज विस्मरणात गेली आहे. प्रस्तुत लेखात तिची उजळणी करण्याचा विचार आहे.

जानेवारी १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या भाषणातील चौथ्या मुद्द्यात अविकसित देशांना तांत्रिक साह्य देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली. भारतातील शेतकरीही त्या वाटेने जाऊ नये, लोकशाहीच्या चौकटीत त्याचे पोट भरावे, ही चिंता या साह्यामागे होती. ५ जानेवारी १९५२ रोजी भारत व अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला. राजदूत चेस्टर बोल्स यांना या कार्याविषयी विलक्षण उत्साह होता. फोर्ड फाउंडेशनने ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाचा भार उचलला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्पांचा आरंभ झाला. एकेका प्रकल्पात सुमारे ३०० गावे आणि दोन लाख लोकसंख्या होती.

ही कल्पना सर्वस्वी परदेशी होती असे मात्र नव्हे. अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराने १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात केलेला प्रयोग तिचा एक आधार होता. पण त्याआधी १९३२ मध्ये बडोदे संस्थानात कोसंबा येथे दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी ग्रामपुनर्रचनेचे केंद्र काढले होते. हेच कृष्णम्माचारी पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. बडोद्याच्या वाचकांना हा धागा परका वाटणार नाही.

कार्यक्रमाचा हेतू केवळ विहिरी आणि शाळा बांधण्याचा नव्हता. गावाने आपल्या गरजा आपण ओळखाव्यात, श्रमदान करावे, संस्था उभाराव्यात, आणि काही वर्षांनी सरकारी माणूस बाजूला झाला तरी काम चालू राहावे, अशी अपेक्षा होती. म्हणजे द्यायची होती विहीर, आणि उगवायची होती लोकशाही. अशा कार्याचे माप कसे घ्यावे, हा प्रश्न कार्यक्रम आखणाऱ्यांना पहिल्याच दिवशी पडला, ही त्यांची दूरदृष्टी म्हणावी लागेल. ऑक्टोबर १९५२ मध्येच नियोजन आयोगाच्या अखत्यारीत ‘कार्यक्रम मूल्यमापन संघटना’ स्थापन झाली. तिलाही फोर्ड फाउंडेशनचे साह्य होते. तिचे पहिले संचालक झाले प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे. ग्रामोद्योगांवरील १९५५ च्या कर्वे समितीचे अध्यक्ष आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर म्हणून ते अनेकांना ठाऊक आहेत.

या संघटनेची खरी महती तिच्या रचनेत होती. प्रकल्प चालविणारे प्रशासन वेगळे आणि त्याचे मूल्यमापन करणारे वेगळे. निवडक प्रकल्पक्षेत्रांत तिचे अधिकारी राहत असत. पण ते प्रकल्प अधिकाऱ्याच्या हाताखालचे नव्हते. त्यामुळे एकाच गावाविषयी दिल्लीस दोन प्रकारचे कागद जात. एक, खात्याचे प्रगतिपत्रक; दुसरा, मूल्यमापकाचा अहवाल.

प्रगतिपत्रक म्हणजे काय, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या सेवेची पहिली वर्षे मध्यप्रदेशातील एका विकासखंड कार्यालयात गेली. तोवर सामूहिक विकासाचा मूळ उत्साह ओसरला होता, पण त्याची पत्रके जिवंत होती. शोषखड्डे किती, नाल्या किती फूट, महिला मंडळे किती, असे रकाने दरमहा भरावे लागत. एका वयोवृद्ध ग्रामसेवकाने त्याचे मर्म आम्हांस पहिल्याच मार्चअखेरीस समजावून दिले. शोषखड्डा खणला की पत्रकात एक वाढतो. पावसाळ्यात तो बुजतो, पण पत्रकातून कमी होत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा खणला की आणखी एक वाढतो. पत्रकात बेरीज आहे, वजाबाकीचा रकाना नाही, असे ते हसत हसत म्हणाले होते. यात कोणी खोटे बोलत नव्हते. प्रत्येक आकडा खरा होता, आणि सगळे मिळून चित्र खोटे होते.

मूल्यमापन संघटनेने नेमकी ही वजाबाकी केली. तिच्या १९५७ च्या चौथ्या अहवालात कामांची प्रतवारी दिसते. बांधकामाच्या कामांना, म्हणजे रस्ते, शाळा, विहिरी यांना सर्वांत अधिक यश. आणि पंचायती, सहकारी संस्था, मंडळे या संस्थात्मक कामांना सर्वांत कमी. लाभाच्या वाटपातही विषमता आढळली. विकासखंडा-विकासखंडांत अंतर होते, गावागावांत होते, आणि एकाच गावात मोठा शेतकरी व लहान शेतकरी, शेतकरी व भूमिहीन यांच्यात होते. ज्या पेरणीसाठी हा सारा खटाटोप होता ती उगवली नव्हती. सरकारचीच एक संघटना सरकारच्या सर्वांत लाडक्या कार्यक्रमाविषयी हे छापील अहवालात सांगत होती, आणि तिच्या खर्चात वाटा उचलणाऱ्या परदेशी संस्थेचाही तो आवडता कार्यक्रम होता.

जानेवारी १९५७ मध्ये नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीसमोर ही भूमी तयार होती. नोव्हेंबरमध्ये समितीने निष्कर्ष दिला तो थोडक्यात असा की, स्थानिक लोकांमध्ये पुढाकार निर्माण झाला नाही, कारण त्यांच्या हाती अधिकारच नव्हता. अधिकाऱ्याने ठरवायचे आणि लोकांनी सहभागी व्हायचे, यास सहभाग म्हणत नाहीत. समितीने ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी लोकनियुक्त त्रिस्तरीय रचना सुचविली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

आता आमचा मुख्य मुद्दा मांडतो. १९५२ च्या साह्याचे लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत मोठे फळ कोणते? आमच्या मते, विहिरी नव्हेत, ग्रामसेवकही नव्हेत. ‘हे जमले नाही’ असे सांगणारी एक लहानशी यंत्रणा, आणि ते ऐकून मार्ग बदलणारे राज्यकर्ते, हे ते फळ. मदत फसल्याच्या प्रामाणिक नोंदीतून जी संस्था जन्मली, ती कोणत्याही परदेशी आराखड्यात नव्हती.

याच्या उलट चित्र नंतरच्या काळात दिसते. १९८९ मध्ये जागतिक बँकेने आफ्रिकेवरील अहवालात शासनाच्या संकटाचा उल्लेख केला आणि ‘सुशासन’ हा शब्द साह्याच्या परिभाषेत रुळला. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर लोकशाहीसाठी साह्याचा ओघ वाढला, आणि त्याबरोबर हिशेब मागणेही वाढले. देशांना गुण देणारे निर्देशांक आले. यूएसएडनेच करविलेल्या एका अभ्यासात १९९० ते २००३ या काळातील आकडे तपासून असे अनुमान काढले गेले की, लोकशाहीसाठीच्या एक कोटी डॉलरमागे देशाचा निर्देशांक सुमारे पाव गुण वाढतो. पाव गुण लोकशाही म्हणजे गावच्या माणसाला काय मिळाले, हे मात्र त्यातून कळत नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आपल्या अहवालात स्पष्टच म्हटले की, बहुतेक प्रकल्पांच्या मूल्यमापनातून त्यांचा खरा परिणाम कळू शकत नाही. ज्या गावांना साह्य मिळाले नाही त्यांच्याशी तुलना केल्यावाचून, मिळालेल्या गावांत जे घडले ते साह्यामुळेच घडले असे म्हणता येत नाही.

अशी तुलना पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये झाली, आणि तिचा वृत्तान्त वाचताना आम्हांस कर्व्यांच्या काळाची आठवण झाली. तेथील यादवी युद्ध २००२ मध्ये संपल्यावर जागतिक बँकेच्या साह्याने ‘गोबायफो’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून ११८ गावे निवडली गेली, आणि तशीच ११८ गावे तुलनेसाठी बाजूस ठेवली. निवडलेल्या गावांना बांधकामासाठी पैसे मिळाले. निर्णयात स्त्रिया व तरुण असावेत अशी अट होती. परिणाम पाहण्यासाठी संशोधकांनी केवळ प्रश्नावली भरून घेतली नाही. गावास मीठ हवे की बॅटरीचे सेल, असे विचारून त्यांनी ती सभा मुकाट्याने पाहिली. कोण बोलले, कोणाचे ऐकले गेले, हे नोंदविले. निष्कर्ष १९५७ च्याच जातीचा निघाला. बांधकामे झाली, पण प्रकल्पाबाहेरच्या निर्णयांत स्त्रियांचा आवाज तुलनेच्या गावांपेक्षा वाढलेला नव्हता. फरक एवढाच की, आपल्याकडे अशा निष्कर्षानंतर कायदा झाला.

या ठिकाणी आम्हांस स्वतःचीही झडती घेतली पाहिजे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींच्या निवडणुका सर्वप्रथम मध्यप्रदेशाने १९९४ मध्ये घेतल्या. त्यानंतर परदेशी साह्यावर चाललेल्या एका प्रशिक्षणाचे काम आमच्याकडे होते. किती महिला पंच आल्या, किती दिवस बसल्या, किती अंगठे उठले, हे आम्ही नेटाने भरीत होतो. एकदा एका पंच बाईंनी विचारले, पंचायतीच्या बैठकीची वही सरपंचाच्या घरी असते, ती मला पाहायला मागता येईल काय? शिकविणाऱ्याने ‘हो’ म्हटले आणि पुढचा विषय घेतला. त्या सबंध प्रशिक्षणातील लोकशाहीचा तो एकच प्रश्न होता, आणि त्यासाठी आमच्या पत्रकात रकाना नव्हता. ती वही त्यांना पुढे पाहावयास मिळाली की नाही, हे आम्ही विचारले नाही. कारण आम्हांसही ते कोणी विचारले नव्हते.

काळाचाही विचार हवा. सत्तरच्या दशकात कोणी पंचायत राज्याचे माप घेतले असते तर, निवडणुका लांबणीवर पडलेल्या आणि अधिकार आक्रसलेले पाहून, त्याने प्रयोग फसला असाच शेरा मारला असता. २४ एप्रिल १९९३ नंतर तोच शेरा अपुरा ठरला असता. देणाऱ्याचे आर्थिक वर्ष मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये संपते. संस्थांचे वय पिढ्यांनी मोजावे लागते.

कर्व्यांची मूल्यमापन संघटना २०१५ मध्ये नीती आयोगातील एका नव्या कार्यालयात विलीन झाली. नाव गेले, याचे दुःख नाही. संस्था अशाच एकीतून दुसरीत जातात. पण करणारा आणि मोजणारा यांच्यात तिने जे अंतर राखले होते, ते प्रत्येक पिढीला नव्याने राखावे लागते. आपल्या मंडळाचे असो, पंचायतीचे असो वा महासत्तेचे, कोणतेही वार्षिक पत्रक हाती आले की आम्ही आता प्रथम वजाबाकीचा रकाना शोधतो.