चतुराचें छायाचित्र
तळ्याकाठीं भिरभिरणारा चतुर नांवाप्रमाणेंच चतुर. हात पुढें होतांच निसटतो. म्हणून त्याच्या कुळाचें उड्डाण टिपण्यासाठीं प्रथम कीटकासच कोंडावें लागलें. १९०४ मध्यें पॅरिसच्या मारे संस्थेंत ल्यूसियाँ बुल यांनीं विजेच्या ठिणग्यांच्या उजेडांत, सेकंदास हजाराहून अधिक वेगानें, टाचणी या चतुराच्या सडपातळ भाईबंदाचीं छायाचित्रें घेतलीं. पंख कसे हालतात हें दिसलें; कशासाठीं, हें दिसेना. त्यासाठीं कॅमेऱ्यासच पाण्याकाठीं जावें लागलें. १९८९ मध्यें गेऑर्ग रूपेल यांनीं मोकळ्यावर उडणाऱ्या चतुरांच्या व टाचण्यांच्या संथगति चित्रफितींवरील निबंध प्रसिद्ध केला. चारी पंखांचा ताल प्रसंगानुरूप बदलतो, प्रियाराधनांत निराळा, इतर वेळीं निराळा, हें त्यांत उमगलें. बंदिवानाची चाल पाहतां येते. स्वभाव पाहावयाचा तर त्याच्या दारींच तिष्ठावें लागतें.