अहवालाखाली सही कोणाची?

मानसशास्त्रीय चाचणीचा संगणकाने काढलेला अहवाल निःपक्षपाती असतो. यंत्राला ना थकवा, ना पूर्वग्रह. तेव्हा मानसतज्ज्ञाने ढवळाढवळ न करता तो तसाच रुग्णाच्या हाती द्यावा, असे मत सर्रास ऐकू येते. त्याला आधारही भक्कम आहे. माहितीची सांगड ठरावीक सूत्राने घातली, तर भाकीत बहुधा तज्ज्ञाच्या अंदाजाच्या तोडीचे किंवा त्याहून सरस ठरते, हे पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवले.

मील यांचे म्हणणे मान्य. त्यावरून काढलेला निष्कर्ष नव्हे. त्यांची तुलना पडताळून पाहता येणाऱ्या भाकितांची होती. अहवालातले परिच्छेद मात्र कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात. अमुक गुण आले की तमुक परिच्छेद, एवढेच यंत्र पाहते. बेरीज बिनचूक आली म्हणून परिच्छेद खरा होत नाही. लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह त्यात शाबूत राहतो, फक्त लिहिणारा दिसत नाही.

‘पण रुग्णालाच वर्णन तंतोतंत पटते ना?’ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘त्याचे’ व्यक्तिमत्त्ववर्णन दिले. वर्णन सगळ्यांना एकच होते, तेही फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले. तरी विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पटणे हा पुरावा नव्हे.

‘कागदावरची चाचणी पडद्यावर आली, बिघडले काय?’ मीड आणि ड्रासगो यांनी १९९३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांत कागद आणि संगणक यांच्या गुणांचा सहसंबंध ०.९७ निघाला, वेगाच्या चाचण्यांत अवघा ०.७२. वेगाच्या चाचणीला कागदावरची प्रमाणके डोळे झाकून लावता येत नाहीत, ती यासाठी.

संगणकी अन्वयार्थाला व्यावसायिक निर्णयाची जोड हवीच, असे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेने १९८६ मध्येच बजावले होते. म्हणून पडताळलेले सूत्र असेल तिथे तज्ज्ञाने आपली लहर आवरावी. नुसते गद्य असेल तिथे त्यामागचा नियम आणि प्रमाणके कोणाची, हे विचारावे. मुलाखतीशी न जुळणाऱ्या वाक्याचे कारण शोधावे आणि आधार मिळाला नाही तर ते खोडावे. एवढी सवड नसलेल्याने चाचणीची फीसुद्धा घेऊ नये.