'डॉक्टर हू' : पाटी पुसून नव्याने सुरुवात करावी का?

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. १९६६ मध्ये नायक विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टरचं रूपच पालटतं अशी युक्ती काढून पॅट्रिक ट्रॉटन यांना आणलं. १९८९ ला मालिका थांबली. २००५ मध्ये परतली, ती मागची कथा कायम ठेवूनच.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने मात्र १९७८ची गोष्ट २००३ मध्ये पहिल्यापासून मांडली आणि ती गाजली. पण तिची मूळ मालिका एकाच हंगामाची. इथं साठ वर्षांचं खातं आहे. ते खोडलं तर जुना प्रेक्षक तुटेल. नव्याला सोपी सुरुवात हवी, हे खरं; पण ती पाटी न पुसताही देता येते, हे २००५ नेच दाखवलं.