आठ कंठ, एक सूर

शाळेच्या प्रार्थनेला गेली कित्येक वर्षे मी पेटी वाजवतो. पेटीवर यमन वाजतो खरा, पण निषादावरून गांधारापर्यंत मींड घेत जाणे तिच्या नशिबी नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दार बंद केले, ते १९७१ साली जरा किलकिले झाले. त्या रागात या उणिवेचा वाटा मोठा होता. म्हणून भाच्याच्या स्टुडिओत जुना रोलंड ज्युपिटर-८ पाहिला, तेव्हा माझी नजर त्याच्या ‘सोलो’ या बटणावर खिळली.

आठ कंठांच्या वाद्याला एकट्याने गाण्याचे बटण कशाला?

१९७० साली अमेरिकेत निघालेला मिनीमूग एका वेळी एकच सूर बोले. दोन पट्ट्या दाबल्या तर खालची वाजायची, वरची मुकी. पाश्चात्त्य संगीत स्वरमेळावर उभे. त्या लोकांना हे कसे पुरावे? १९७५ साली टॉम ओबरहाइम यांनी चार स्वतंत्र सिंथेसायझर एका पेटाऱ्यात बसवले. चार सूर मिळाले, पण चौघांच्या खुंट्या वेगवेगळ्या पिळायच्या! (चार मुलांची एका वेळी वेणीफणी करणाऱ्या आईला ही यातना कळेल.) १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला, खुंट्यांच्या जागा यंत्रच लक्षात ठेवू लागले. १९८१ साली ज्युपिटर आला : आठ कंठ, प्रत्येकात दोन ऑसिलेटर.

एवढा खटाटोप करून मिळवलेली श्रीमंती बाजूला ठेवायची सोयही कारागिरांनी राखली. ‘युनिसन’ दाबून एकच पट्टी धरली की सोळाही ऑसिलेटर तोच सूर धरतात. पण तंतोतंत नव्हे, केसभर पुढेमागे. भजनी मंडळ एकच ओळ म्हणते तेव्हा जो भरदारपणा येतो, तोच हा.

मला मोह ‘सोलो’चा. अनेक कंठ मोकळे असताना मी नि-रे-ग वाजवले. प्रत्येक पट्टीला नवा कंठ धावून आला, आणि तो कंठ मागे ज्या सुरावर थांबला होता तिथून घसरत आला. गांधार भलत्याच दिशेने अवतरला! सोलो दाबताच एकच कंठ उरला. तो मागच्या सुरावरून पुढच्यावर सरकला. पेटीला न साधलेली मींड विजेच्या पेटीतून निघाली.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली हाच ज्युपिटर आणि रोलंडचीच दोन छोटी यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. भैरव, ललित, भूपाली, यमनही. तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि शिकागोत नंतर जन्मलेल्या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून युरोपातले रसिक चकित झाले. सिंग २०१५ साली गेले. कौतुक निदान त्यांच्या कानांवर पडले.

भाच्याने ती तबकडी लावली. यमन आला तेव्हा मी सोलोचे बटण दाबून मागोमाग वाजवीत बसलो. बहिणीने फराळाला तीनदा हाका मारल्या.