केप मे : तीन पिढ्यांच्या समुद्रसहलीचे नियोजन

न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण टोकाला, गार्डन स्टेट पार्कवे जिथे संपतो तिथे, केप मे हे लहानसे गाव वसले आहे. एका अंगाला अटलांटिक महासागर, तर दुसऱ्या अंगाला डेलावेअरचा उपसागर. १८७८ च्या आगीत गावाचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरियन धाटणीच्या लाकडी घरांमुळे १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मध्य न्यू जर्सीतून दोन-अडीच तासांत येथे पोहोचता येते. त्यामुळे उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाण्यास हे ठिकाण सोयीचे आहे. मात्र तीन पिढ्या एकत्र निघाल्या की सहलीचा वेग सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या व्यक्तीने ठरवावा, हे सूत्र आरंभीच मान्य करावे.

कधी जावे?

मुख्य हंगाम मेमोरियल डे ते लेबर डे असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाड्याची घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्याच्या हिशेबाने मिळतात. त्यामुळे आरक्षण हिवाळ्यातच केलेले बरे. जूनमध्ये हवा उबदार असली तरी पाणी थंडगार असते. कोकण-गोव्याच्या कोमट समुद्राची सवय असलेल्यांना ते सोसत नाही. ऑगस्टमध्ये पाणी सर्वांत सुखद असते, पण गर्दीही तितकीच.

मुले अद्याप शाळेत जात नसतील, तर सप्टेंबर उत्तम. गर्दी ओसरते, भाडी उतरतात, पाण्याची ऊब टिकून असते आणि दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरे येथे विसाव्याला थांबतात. मात्र लेबर डेनंतर जीवरक्षकांची उपस्थिती कमी होते, हे ध्यानात ठेवावे. हंगामात शुक्रवारी संध्याकाळी पार्कवेवर वाहनांची मोठी रांग लागते. वडीलधाऱ्यांना घेऊन सकाळी लवकर निघावे.

कुठे राहावे?

जुन्या व्हिक्टोरियन निवासांचे सौंदर्य मोहक आहे. परंतु त्यांपैकी अनेकांत लिफ्ट नसते, जिने अरुंद व उभे असतात आणि काही ठिकाणी लहान मुलांना प्रवेशच नसतो. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : खोली कितव्या मजल्यावर आहे? न्हाणीघरात टबाची कड ओलांडावी लागते का? किनारा पायी किती अंतरावर आहे?

स्वयंपाकघर असलेले घर अधिक सोयीचे. येथील उपाहारगृहांत भर मासळीवर असतो. शाकाहारी आजी-आजोबांना सात दिवस सॅलड आणि पास्त्यावर ठेवणे योग्य नव्हे. तांदूळ, डाळ, मसाले आणि लहान कुकर घरून न्यावा. फोडणी देण्यापूर्वी पंखा लावून खिडकी उघडावी, अन्यथा धुराचा भोंगा वाजतो.

समुद्रात उतरताना

हंगामात बारा वर्षे व त्यापुढील प्रत्येकास किनाऱ्यासाठी बीच टॅग विकत घ्यावा लागतो. दर आधी पाहून घ्यावेत. वाळूत चालू न शकणाऱ्यांसाठी रुंद चाकांची खुर्ची मिळते का, याची नगरपालिकेकडे चौकशी करावी. किनाऱ्यालगतचा फरसबंद मार्ग संध्याकाळच्या फेरफटक्यास उत्तम आहे.

येथील किनाऱ्याचा उतार काही ठिकाणी तीव्र आहे आणि लाट थेट काठावर फुटते. गुडघाभर पाण्यातही ती माणसाला डोक्यावर आपटू शकते. मानेला व मणक्याला गंभीर इजा होते. लाटेकडे पाठ करू नये, पाण्यात सूर मारू नये आणि मुलांचा हात सोडू नये. रिप करंटने आत ओढले, तर प्रवाहाशी झुंज न देता किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे. जीवरक्षक असतील तिथेच आणि त्यांच्या वेळेतच पाण्यात उतरावे.

पाहुण्या पालकांच्या आरोग्यविम्याची कागदपत्रे व औषधे सोबत असावीत. विम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे. जवळचे रुग्णालय केप मे कोर्ट हाउस येथे आहे.

किनाऱ्यापलीकडे

एका दिवसात एकच मोठा कार्यक्रम ठेवावा. १८५९ मधील दीपगृहाला १९९ पायऱ्या आहेत. नातवंडे वर चढतील तेवढ्या वेळात आजी-आजोबांना शेजारच्या राज्य उद्यानातील लाकडी पायवाटेवर पक्षी पाहता येतात. केप मे कोर्ट हाउस येथील प्राणिसंग्रहालयास प्रवेशशुल्क नाही. डेलावेअरमधील लुईसकडे जाणारी, १९६४ पासून चालू असलेली फेरी ८५ मिनिटांत उपसागर पार करते. मेरीलँड वा व्हर्जिनियातून येणाऱ्या कुटुंबांना हा मार्ग रस्त्यापेक्षा निवांत वाटेल.

एक संध्याकाळ सनसेट बीचसाठी राखून ठेवावी. तिथल्या गारगोट्यांना ‘केप मे डायमंड’ म्हणतात. मुले त्या वेचण्यात रमतात. १९२६ मध्ये येथे रुतलेल्या अटलांटस या काँक्रीटच्या जहाजाचे आता थोडेच अवशेष उरले आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. पण हा किनारा पश्चिमेला, उपसागराकडे तोंड करून असल्याने येथे तो पाण्यात मावळताना दिसतो. रत्नागिरी-मालवणच्या संध्याकाळी पाहिलेल्या आजी-आजोबांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. त्यासाठी घडीच्या दोन खुर्च्या आणि थर्मासमधला चहा गाडीत ठेवण्यास विसरू नये.