सोन्याच्या नकाशातला पारा

तुमच्यापैकी जे सॅन होजेच्या दक्षिणेला आल्माडेन भागात राहतात, त्यांना आधी एक प्रश्न. घराच्या पत्त्यात, रस्त्याच्या पाटीवर, दुकानांच्या नावांत हे नाव रोज दिसतं. ते आलं कुठून?

आल्माडेन हे स्पेनमधलं गाव. तिथे शतकानुशतकं पाऱ्याची खाण चालली. १८४५ साली आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याने सॅन होजेजवळच्या डोंगरातला लाल दगड पाहिला आणि तो हिंगूळ आहे, म्हणजे त्यातून पारा निघतो, हे ओळखलं. तिथले मूळ रहिवासी ओलोनी लोक हा हिंगूळ रंगासाठी कितीतरी आधीपासून वापरत होते. खाणीला स्पेनमधल्या खाणीवरून नाव पडलं न्यू आल्माडेन. कॅलिफोर्नियात सोनं सापडायला तेव्हा अजून दोनेक वर्षं होती.

मी इतिहासाची नव्हे. नदीच्या गाळात साचलेल्या पाऱ्यावर काम करणारी पोस्टडॉक आहे. गाळाचे नमुने कुठून घ्यायचे हे ठरवण्यासाठी जुन्या खाणी कुठे होत्या ते पाहावं लागतं, म्हणून जुन्या नकाशांशी ओळख झाली. पुढे ती ओळख कामापुरती राहिली नाही. सुवर्णशोधाच्या काळातला एक तरी खरा नकाशा आपल्या घरी असावा असं वाटायला लागलं. त्या हौसेत मी जे शिकले ते तुम्हाला सांगावं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना पुराणवस्तूंच्या प्रदर्शनात असे नकाशे दिसतात आणि मोह होतो.

थोडा काळाचा हिशेब. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे जॉन सटरच्या लाकडाच्या गिरणीचं काम चालू असताना जेम्स मार्शलला पाण्याच्या चरात सोन्याचे कण दिसले. त्यानंतर ९ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेला दिलं. सह्या करणाऱ्यांना सोन्याची खबर नव्हती. उन्हाळ्यात लष्करी गव्हर्नर कर्नल रिचर्ड मेसन स्वतः खाणींच्या भागात फिरून आला. त्याने १७ ऑगस्टला अहवाल लिहिला आणि चहाच्या डब्यात सुमारे २३० औंस सोनं भरून दोन्ही वॉशिंग्टनला पाठवलं. ५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष पोक यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात बातमीवर शिक्कामोर्तब केलं, आणि मग झुंबड उडाली. पुढच्या ६-७ वर्षांत सुमारे ३ लाख माणसं कॅलिफोर्नियात आली.

या सगळ्यांना नकाशा हवा होता, आणि नकाशे छापणारे बहुतेक न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात बसलेले. त्यांनी हाताशी होते ते नकाशे काढले, सोन्याच्या प्रदेशावर रंग दिला आणि विकायला ठेवले. घडी घालून खिशात मावणारे, कापडी किंवा चामडी वेष्टनातले. या गर्दीत काही नकाशे मात्र वेगळे आहेत. चार्ल्स प्रॉइसने जॉन फ्रेमाँटसाठी काढलेल्या १८४८ च्या नकाशावर अमेरिकन नदीच्या आसपास 'एल दोरादो' म्हणून सोन्याचा प्रदेश नोंदलेला आहे. त्याच नकाशावर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या मुखाला 'गोल्डन गेट' हे नाव आहे. गंमत म्हणजे त्या नावाचा सोन्याशी संबंध नाही. फ्रेमाँटने ते सोनं सापडण्याआधीच, इस्तंबूलच्या 'गोल्डन हॉर्न' बंदराच्या धर्तीवर ठेवलं होतं. विल्यम जॅक्सनचा १८५० चा खाणप्रदेशाचा नकाशाही संग्राहकांना प्रिय आहे.

माझं मन बसलं ते लेफ्टनंट एडवर्ड ऑर्डच्या नकाशावर. त्यावर तारीख आहे २५ जुलै १८४८. म्हणजे सोनं सापडून जेमतेम सहा महिने झाले होते आणि पूर्व किनाऱ्यावर धावपळ सुरूही झाली नव्हती. मेसनच्या अहवालासोबत तो काँग्रेसच्या कागदपत्रांत छापला गेला. मथळ्यातच लिहिलंय की हा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या 'आणि पाऱ्याच्या' प्रदेशाचा आराखडा आहे. रेतीतले बारीक सोन्याचे कण पाऱ्याला चिकटतात. नंतर पारा तापवून उडवला की सोनं मागे उरतं. मुलामा देणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांनाही हा गुण ठाऊक होता. सिएरातल्या खाणींत पुढे हाच पारा मणांनी ओतला गेला. कॅलिफोर्नियाच्या अशा खाणींतून सुमारे १ कोटी पौंड पारा निसर्गात निसटला असा अंदाज आहे. मी आज गाळात मोजते तो पारा ऑर्डच्या मथळ्यात आधीच आलेला आहे.

आता विकत घेण्याविषयी. हे नकाशे बहुतेक शिळाछाप आहेत. आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्या आठवा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३० च्या दशकात ज्या तंत्राचा छापखाना चालवला तेच हे तंत्र. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाच्या कडेला पत्रा दाबल्याची खूण असते, शिळाछापाला ती नसते. तेव्हा ती दिसली नाही म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, चिवट. भिंगातून पाहिल्यावर सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची छायाप्रत. घड्यांवर भेगा असणारच. मागून कापड किंवा जपानी कागद लावून दुरुस्ती झाली आहे का ते विचारा. डीलरने 'व्हीट'चा क्रमांक सांगितला तर दचकू नका. कार्ल व्हीट या वकिलाने १९४२ साली सुवर्णप्रदेशाच्या नकाशांची सूची छापली, ती अजून या छंदाची पोथी आहे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: नकाशा आला कुठून? २००५ साली फोर्ब्स स्मायली हा नामांकित डीलर येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशे चोरताना पकडला गेला. त्याने एकूण ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. बरेचसे पुस्तकांतून कापलेले होते.

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मला ऑर्डचा नकाशा दिसला. खरा, स्वच्छ, सुंदर चौकटीत. किंमत माझ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा बरीच जास्त, पण हप्त्याने देता येण्यासारखी. डावी कड सरळ कापलेली होती. मी विक्रेत्याला विचारलं, "याच्याबरोबरचा अहवाल कुठे आहे?" तो हसला. म्हणाला, "तो कोण घेतं? लोकांना भिंतीवर लावायला चित्र हवं असतं."

घरी येऊन मी मेसनचा अहवाल वाचायला घेतला. तोवर मी फक्त नकाशाच पाहत होते. मेसन लिहितो की त्या वेळी खाणींत ४ हजारांहून जास्त माणसं काम करत होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक इंडियन, म्हणजे इथली मूळ माणसं होती. मी खुर्चीतून उठले. सुवर्णशोधाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, दाढीवाला गोरा माणूस आणि त्याची पाटी, ते पहिल्या उन्हाळ्यात खरं नव्हतं. ही गोष्ट अहवालात आहे. चौकटीतल्या कागदावर नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. कोलोमाची भूमी निसेनान लोकांची. १८५१-५२ मध्ये केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी १८ तह केले आणि जमिनी राखून ठेवण्याचं वचन दिलं. सिनेटने १८५२ मध्ये ते गुप्त बैठकीत फेटाळले आणि कागद कुलपात ठेवले. ते उघड झाले १९०५ साली. सोनं सापडलं तेव्हा मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पंचवीसेक वर्षांत ३० हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली. नकाशांवर मात्र त्या वर्षांत नवनव्या वसाहतींची नावं वाढत गेली.

मी तो नकाशा घेतला नाही. चोरीचा होता असं मी म्हणत नाही. सरकारी बाडं हजारोंनी छापली गेली आणि पुष्कळ ग्रंथालयांनी रीतसर काढून टाकली. पण कड कापणाऱ्याने ज्या ओळी फेकून दिल्या त्या आता मला माहीत होत्या. काही महिन्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात काँग्रेसच्या कागदपत्रांचं तेच बाड मिळालं. पाठ निखळलेली, पानांवर तपकिरी डाग, किंमत अगदी मामुली, कारण आतला नकाशा कुणीतरी आधीच काढून नेला होता. शिवणीपाशी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली आहे. माझ्या संग्रहात सध्या एवढंच आहे. नकाशा पाहायचा असला की मोठ्या ग्रंथालयांच्या संकेतस्थळावर जाते; डेव्हिड रम्सी संग्रहासारख्या ठिकाणी त्या काळाचे नकाशे फुकट आणि हवे तेवढे मोठे करून पाहता येतात.

तुम्ही नकाशे जमवत असाल तर एक विनंती आहे. नकाशासोबतचं पुस्तक असेल तर वेगळं करू नका. सुटा घेतलात तर तो कोणत्या ग्रंथातला, कुणाकडून, कधी घेतला हे एका कागदावर लिहून चौकटीच्या मागे ठेवा. आणि आल्माडेनकर मंडळी, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आल्माडेन क्विकसिल्व्हर पार्कमध्ये जा. खाणीचं छोटं संग्रहालय जवळच आहे. जलाशयाच्या काठावर मासे खाऊ नका अशी पाटी दिसेल. मुलं विचारतील का, तेव्हा सांगायला आता तुमच्याकडे गोष्ट आहे.