जिव्हापाषाणांची ओळख

माल्टा बेटावरील खडकांत सापडणारे त्रिकोणी, गुळगुळीत पाषाण युरोपात जिव्हापाषाण म्हणून प्रसिद्ध होते. ते आकाशातून पडतात, ही समजूत थोरल्या प्लिनीने नोंदविली होती. पुढे ते विषावरील उतारा मानले गेले. १६१६ साली फाबिओ कोलोन्ना याने ते शार्कचे दात होत, असे प्रतिपादिले. परंतु सागरी प्राण्याचा दात खडकात कसा शिरला, हा प्रश्न उरलाच.

१६६६ साली लिव्होर्नोजवळ पकडलेल्या प्रचंड शार्कचे मस्तक फ्लॉरेन्स येथे निकोलस स्टेनो याने विच्छेदिले. १६६७ च्या प्रबंधात त्याने दातांची व पाषाणांची तुलना मांडली. हे पाषाण खडकातच वाढले असते, तर कठीण खडकाच्या दाबाने त्यांचे आकार वेडेवाकडे झाले असते; ते तसे नसल्याने भोवतालची माती पूर्वी मऊ असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यातूनच १६६९ सालचा स्तरविचार विकसित झाला.

नवशिक्या संग्राहकालाही हाच मार्ग उपयुक्त ठरतो. दाताचे मूळ, शिखर व कडांवरील दंतुरता आधी पाहावी, ज्या थरात तो सापडला त्याची नोंद करावी, नामकरण त्यानंतर. थराची नोंद नसलेल्या दाताचे ऐतिहासिक मोल बरेचसे नाहीसे होते.